चाळिसाव्या न्हाणाचा साबण

"आत येऊ नका! तिथंच थांबा... एक पाऊलही पुढं टाकू नका!"

रोह्याच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली पावसापासून आडोसा शोधणाऱ्या फैजलचं हे असं स्वागत झालं. जुलैचा पाऊस नुसता कोसळत होता. त्याच्या एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात तेलाचा डबा, आणि नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकतंय. समोर एक मुलगी उभी. डोळ्यांवर मोठा चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, ओढणीनं नाक-तोंड बांधलेलं आणि हातात वाफा येणारं भांडं.

"दरोडा घालायला निघालात काय?" त्यानं विचारलं.

"साबण बनवतेय. पाण्यात कॉस्टिक सोडा घातलाय. वाफ छातीत गेली तर खोकत बसाल."

"मंग मी काय भिजत राहू?"

"भिजलेला माणूस सुकतो. भाजलेला नाय!"

तो हसला. अगदी मोकळा, पाऊस विसरून हसला. आणि सिदराचं तिथंच चुकलं... तिनं नीट बघायला म्हणून डोळ्यांवरचा चष्मा वर केला.

ही सिदरा अम्मीसोबत राहायची आणि अब्बांच्या जुन्या गोदामात रिठ्याचं भांडी घासायचं पाणी, लिंबाच्या सालींचं फरशी पुसायचं पाणी, जास्वंदीचं तेल आणि साबण बनवून विकायची. कामात एकदम कडक. अख्ख्या रोह्यात तिच्याशी घासाघीस करायची कुणाची छाती नव्हती. आणि हा फैजल पेणचा, मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर. बहीण नूरबानो बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला नुकताच मुलगा झालेला, म्हणून मामा सुट्टी काढून आला होता. रोह्याजवळच्या त्यांच्या वाडीतल्या खोबऱ्याचं तेल घाण्यावरून काढून तो घरी निघाला होता.

"या तेलाचा साबण होईल?" त्यानं डबा पुढं केला. "चाळिसाव्या दिवशी बाळाला न्हाण घालायचंय. बाजारचा साबण अम्मी लावू देत नाय."

"होईल. पण मुरायला महिना-सव्वा महिना लागतो. कच्चा साबण अंगाला चावतो."

"मंग काय, माझा भाचा आणि तुमचा साबण बरोबरच मोठे होतील!"

सिदराला हसू आलं. ते लपवायला तिनं घाईघाईनं विचारलं, "तेल किती हाय?"

"दोन किलो. माझ्या हातानं मापून आणलंय."

आता सिदराचा नियम असा, की कुणाचंही तेल आलं तरी ते आधी काट्यावर चढणार. तेलाच्या वजनावर कॉस्टिकचं वजन ठरतं. तेल थोडं जरी कमी पडलं तर उरलेलं कॉस्टिक साबणात तसंच राहतं आणि कातडी सोलून काढतं. स्वतःच्या अम्मीनं आणलेलं तेलसुद्धा ती मोजून घ्यायची. त्या दिवशी कॉस्टिक तिनं ग्रॅम-ग्रॅम मोजलं. तेल मात्र तसंच ओतलं. कारण विचाराल तर — हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडत होती. बस्स, एवढंच कारण.

मग काय! दर आठवड्याला फैजलची बाईक पेणहून रोह्याला यायला लागली.

"साबणाची तब्येत बघायला आलो."

"साबण झोपलाय."

"मंग उठेपर्यंत थांबतो." असं म्हणून तो खुशाल लिंबाच्या साली चिरायला बसायचा. येताना कधी पेणचे पोह्याचे पापड, कधी मिरगुंड. बोटं सालींत आणि नजर भलतीकडंच. एकदा सहज बोलल्यासारखा म्हणाला, "अम्मी माझ्यासाठी मुली बघतेय. एक मुरुडची, एक श्रीवर्धनची."

सिदराच्या हातातला चमचा थांबला. "मंग... बघा की."

"बघतोय ना," तो हळूच म्हणाला. बघत होता तिच्याकडंच.

सिदरा परत चमच्यानं ढवळायला लागली. बोलून करायचं काय? न्हाण झालं की आठवड्याभरात त्याचं मस्कतचं विमान होतं. त्याच्या घरी तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. विकत आणलेल्या साबणावर कुणी नातं जोडतं काय? ती मनाला दटावायची, आणि गल्लीत बाईकचा आवाज आला की ओढणी नीट करायची.

न्हाणाचा दिवस उजाडला तोच वादळी. फैजल सकाळीच आला, घाईत.

"पेणला रात्रीपासून लाईट नाय. घर पाहुण्यांनी भरलंय. दुपारच्या नमाजनंतर न्हाण. द्या लवकर, अंबा नदीचं पाणी चढतंय."

सिदरानं साबणाच्या वड्या काढल्या. आता शेवटची तपासणी. साबणाला जिभेचं टोक लावायचं. झटका बसला की समजायचं, कॉस्टिक उरलंय. पण तो समोर चौकटीला टेकून उभा, टक लावून बघतोय! त्याच्यासमोर जीभ बाहेर काढून साबण चाटायचा? लहान पोरीसारखा? शी! तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बाळाला चालेल ना?"

"व्हय... तपासलाय मी."

आयुष्यात गिऱ्हाइकाशी ती पहिल्यांदा खोटं बोलली.

त्यानं पुडी जॅकेटमध्ये ठेवली. बाईकला किक मारली, परत बंद केली. "सिदरा... न्हाण एकदा पार पडू दे. मला एक बोलायचंय तुमच्याशी. उद्या येतो."

तो गेला आणि ती हवेत तरंगत आत आली. साचा पुसताना काठाचा एक तुकडा हाताला लागला. आपल्याच खुळेपणावर हसत तिनं तो जिभेला लावला...

झटका! टोकापासून घशापर्यंत झिणझिणी गेली. तिनं तोंड धुतलं, परत लावला. परत तेच. हसू कुठल्या कुठं पळालं. मापात चूक? कशी होईल? मोजलं तर... कॉस्टिक मोजलं. तेल? फळीखाली त्याचा रिकामा डबा पडला होता. तिनं तो उजेडात धरला. बुडाशी ठसा होता — दोन लिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं. दोन लिटर तेल दोन किलो भरत नाही! त्या भल्या माणसानं डबा काठोकाठ भरला आणि किलो म्हणून सांगितलं. आणि तिनं खळीकडं बघत ऐकून घेतलं.

आणि आता तो साबण चाळीस दिवसांच्या बाळाला लागणार होता.

तिनं फोन लावला. बंद. परत बंद. लाईट नाही, म्हणजे बॅटरी मेलेली. घरचा दुसरा नंबर तिच्याकडं असणार कुठून? सिदरानं गोदामाचं दार ओढून घेतलं आणि पावसात स्टँडकडं पळाली.

पेणची बस मिळाली, पण नागोठण्याच्या अलीकडंच थांबली. पुढं रस्त्यावर तांबडं पाणी पसरलेलं. कंडक्टर म्हणाला, "अंबा रस्त्यावर आली ताई. आता पाणी उतरल्याशिवाय गाडी हलायची नाय."

पाणी उतरायला संध्याकाळ झाली असती. सिदरा खाली उतरली. रोह्याला गणपतीच्या मूर्ती पोचवून पेणजवळच्या हमरापूरला परतणारा एक रिकामा टेम्पो कडेला वळत होता. तिनं धावत जाऊन काचेवर थाप मारली.

"दादा, पेण! बाळाच्या जिवाचं काम हाय!"

टेम्पोवाल्या दामूनं तिला आपादमस्तक पाहिलं. "वरच्या आडरस्त्यानं बघतो. पन गाडी रुतली तर ढकलायला लागेल गो."

"ढकलीन."

गाडी रुतली. तिनं ढकलली. चिखलात एक चप्पल गेली, ती शोधायला ती थांबली नाही. टेम्पो परत चालू लागला तशी ओल्या ओढणीचं टोक पिळत ती मनात एकच घोकत होती — या अल्लाह, अजून न्हाण झालेलं नसू दे. वाटेत आडव्या आलेल्या प्रत्येक म्हशीला आणि प्रत्येक खड्ड्याला तिनं शिव्या मोजल्या. पेणच्या मोहल्ल्यात पोचली तेव्हा नमाज सुटून लोक घरोघर परतत होते.

फैजलचं घर विचारायला लागलं नाही. दारात चपलांचा ढीग होता. सिदरा अनवाणी, चिखलानं माखलेली, थेट आत घुसली. बायका बाजूला सरल्या. न्हाणीघरात बाळाला न्हाऊ घालणारी बायजा पाय पसरून पाटावर बसली होती, पायांवर इवलंसं उघडं बाळ. बायजाच्या तळव्यावर पांढरा फेस... तो हात बाळाच्या पोटाकडं निघालेला.

"थांबा!"

सिदरानं झेप घेऊन तिच्या हातातली वडी हिसकावली, तांब्याभर पाणी तिच्या तळव्यांवर ओतलं. बाळ दचकून रडायला लागलं. 

"कोण गो तू?" फैजलच्या अम्मीचा आवाज चढला. "आमच्या पोराच्या न्हाणात ही काय रीत?"

"मी सिदरा. रोह्याची. साबण माझा हाय." तिला धाप लागली होती. "तो लावू नका. त्यात कॉस्टिक जास्त झालंय, बाळाची कातडी सोलली जाईल."

अम्मीचा चेहरा पांढरा पडला. "आणि हे तुला आत्ता कळलं? तपासून देत नाय तुम्ही?"

"देते. पण यावेळी नाय तपासला. तपासला म्हणून खोटं बोलले."

"का?"

सिदरानं मान खाली घातली. आता खरं सांगण्यावाचून सुटका नव्हती. "जिभेला लावून बघायचा असतो. आणि... समोर हे उभे होते. मला लाज वाटली."

गर्दीच्या मागं फैजल येऊन थांबला होता. सगळ्या माना आधी त्याच्याकडं वळल्या, मग तिच्याकडं.

"अम्मी, चूक माझी हाय," तो पुढं येत म्हणाला. "तेल मी मापलं. काय चुकलं असंल तर—"

"लिटर आणि किलो एकच समजलात तुम्ही! पण मोजायचं काम माझं होतं."

"डबा माझा होता ना?"

"आणि साबण माझा होता! तुम्ही गप्प बसा!"

तो मुकाट्यानं मागं सरला. कुणीतरी बाई तोंडाला पदर लावून खुसखुसली.

बायजा बाळाला पुसत म्हणाली, "न्हाण झालं असतं, पोर लाल झालं असतं, आमी म्हनलो असतो नजर लागली. कुनाला ठावं पडत व्हतं? येवढ्या पुरातनं कशाला आलीस गो?"

"उद्या हे काहीतरी बोलायला येणार होते," सिदराच्या तोंडून निघून गेलं. डोळ्यांतलं पाणी आता थांबेना. "बाळाला भाजून मी कुठल्या तोंडानं ऐकलं असतं ते?"

बोलून बसली आणि तिला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं.  अम्मीनं बायजाला बेसन आणि दूध दिलं, स्वतः पाणी हाताला लावून बघितलं. बाळाला त्यानंच न्हाऊ घातलं गेलं, आतल्या खोलीत मौलवीसाहेबांची दुआ झाली. सिदरा दाराशी अंग चोरून उभी राहिली. निघून जावं म्हटलं तर पायात चप्पल नाही आणि पुढं रस्ता नाही. त्याच्या घरात पहिलं पाऊल पडलं ते असं!

पाहुणे जेवायला बसले तशी अम्मी बाहेर आली. "फैजल, इकडं ये. उद्या काय बोलणार होतास?"

"ते... न्हाण झाल्यावर बोलणार होतो अम्मी."

"न्हाण झालं. बोल."

फैजलनं सिदराकडं पाहिलं. केस गालाला चिकटलेले, हात चिखलाचे, नाक लाल. इतकी सुंदर ती त्याला कधीच दिसली नव्हती. "मला मुरुडची नको," तो अडखळत म्हणाला. "श्रीवर्धनची पण नको. मला... ही हवी. हिला विचारलं नाय अजून. तू विचारतेस, की मी विचारू?"

 अम्मी म्हणाली, "हिनं आज माझ्या नातवाला धोक्यात घातलं."

"व्हय," सिदरा म्हणाली.

"आणि हिनंच वाचवलं. सगळ्यांसमोर आपल्या धंद्याचं नाव बुडवून." अम्मीनं सुस्कारा टाकला. "खोटं बोलणाऱ्या पोरी खूप बघितल्या. ते सांगायला पुरातून येणारी नाय बघितली."

तेवढ्यात आतून नूरबानो आली. नवी ओढणी, डोळ्यांत सुरमा, खांद्यावर न्हाऊन गाढ झोपलेलं बाळ. "अम्मी, चाळीस दिवस मी उंबरा ओलांडला नाय. आता पहिल्यांदा कुणाच्या घरी जायचं ते मी ठरवलंय."

"फुप्पीकडं ठरलंय ना?"

"फुप्पी नंतर. मी रोह्याला जाणार, हिच्या अम्मीच्या घरी. तू पण चल. आणि रिकाम्या हातानं नाय, साखर घेऊन चल."

साखर घेऊन बायका मागणी घालायलाच जातात, हे तिथं प्रत्येकीला ठाऊक होतं. फैजलच्या गालावर ती खळी पडली, आणि सिदरानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अम्मीनं खिडकीतून पावसाकडं पाहिलं, मग तिच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं. "नागोठण्याचं पाणी उतरलं की निघू," ती म्हणाली. "तू आधी कपडे बदल गो. तुझ्या घरी पोचल्यावर चहा तुलाच करायचाय, आजारी पडून चालायचं नाय."