पहिला इंच

कोठार बांधायचं तर आधी चार खुंट्या ठोकायच्या, हे व्हर्लिन नुसबाउमला कुणी शिकवायची गरज नव्हती. ओहायोतल्या त्या गावातली निम्मी कोठारं त्याच्या डोळ्यांदेखत उभी राहिली होती आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच छपरांवर तो स्वतः चढला होता. विटांचा पाया नाही की काही नाही. खड्डे घ्यायचे, खांब थेट जमिनीत गाडायचे, वर छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या, बाजूंनी पत्रा. तीस फूट रुंद, चाळीस लांब. चारी कोपरे काटकोनात असले की तिरकं माप बरोबर पन्नास भरतं. इथे अर्ध्या इंचाचीही लबाडी चालत नाही, कारण कैच्या कारखान्यातून तयार होऊन येतात आणि त्या काही कुणाचं तोंड बघून लहानमोठ्या होत नाहीत.

फक्त या खेपेला टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं.

बेचाळीस वर्षं ते टोक आर्लीननं धरलं होतं. तिचा बाप सुतार. कोठारं बांधायचा, आणि गावात कुणी गेलं की शवपेटीही तोच करायचा. दोन्ही कामांना टेप धरायला ही. त्याच्या टेपचा पहिला इंच गंजून गेला होता, म्हणून पोरगी एकच्या रेघेवर धरायची आणि बाप आलेल्या मापातून एक इंच वजा करायचा. पुढे व्हर्लिननं कोरी करकरीत टेप आणली तरी बाईसाहेबांची खोड गेली नाही. एकवर धरायचं, टेपला दोन बारीक हिसके द्यायचे, म्हणजे धरलंय, बघ आता. आणि व्हर्लिन “लिहिलं!” असं ओरडेपर्यंत सोडायचं नाही. एकदा तो विसरून घरात कॉफी प्यायला गेला, तर ही गारांच्या पावसात पाव तास टोक धरून उभी. त्यानंतर दोन दिवस त्याला जेवणापेक्षा बोलणीच जास्त मिळाली.

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तिच्या हातच्या पेन्सिलीच्या रेघा अजून होत्या. मुलगा कीथ चार वर्षांचा, सात वर्षांचा, बारा वर्षांचा. आणि सगळ्यांत वर, हसतहसत काढलेली: ‘व्हर्लिन, ६ फूट १’.

मार्चमध्ये ती गेली. ऑक्टोबर लागला तेव्हा कीथ फोनवर म्हणाला, “बाबा, पुरे झालं आता. आमच्याकडे खालची खोली रिकामी आहे. तुम्ही तिथे एकटे काय करता दिवसभर?”

“कोठार बांधतोय.”

“सत्तरीत? एकट्यानं?”

“तुझ्या आईला हवं होतं. पूर्वेला खिडकी ठेवून.”

कीथ म्हणाला, “बरं, पैज. शनिवारी मी माझी टेप घेऊन येतो. खांब एकट्यानं उभे केलेत आणि कोपरे काटकोनात निघाले, तर परत विषय काढणार नाही. नाहीतर घर विकायचं. मान्य?”

“मान्य,” व्हर्लिन म्हणाला. हे घर सुटलं तर आपलं काही उरत नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

सोमवारी त्यानं खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. मंगळवारी खुंटीवरच्या खिळ्यात टेपची कडी अडकवून पुन्हा मोजलं. चाळीस फूट एक इंच. तो चालत मागे गेला. कडी खिळ्यातच होती. दुसरी बाजू तीस फूट एक इंच. तिरकं माप पन्नास फूट एक इंच. रात्री दव पडून खुंट्या सरकल्या असतील म्हणत त्यानं त्या आत घेतल्या आणि सगळं माप बिनचूक करून टाकलं.

दुपारी शेजारचा लव्हॉन स्टायनर बायकोनं भाजलेला ॲपल पाय घेऊन आला. माणूस मनाचा चांगला, पण पोटात काही राहायचं नाही. कीथनं त्यालाच लक्ष ठेवायला सांगितलेलं, हेही उघड गुपित.

“ये, धरतो एक टोक,” म्हणत त्यानं स्वतःची टेप काढली. मोजलं. पुन्हा मोजलं. “एकोणचाळीस फूट अकरा इंच. काय रे व्हर्लिन, चष्मा खिशात ठेवून मोजतोस की काय?”

“असं कसं होईल?”

“होतं रे, गड्या. वय झालं आपलं.” लव्हॉननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नजर दुसरीकडे वळवली. “तो ॲपल पाय गरम करून खा.”

त्या नजरेचा अर्थ व्हर्लिनला कळला. उद्या हे कीथच्या कानावर जाणार.

लव्हॉन गेल्यावर व्हर्लिननं खुंट्या पूर्ववत केल्या आणि पुन्हा कडी अडकवली. ऊन लख्ख होतं. वारा पडला होता. मक्याची कापणी झालेली, त्यामुळे लांबपर्यंत चिटपाखरू दिसत नव्हतं. तो टेप सोडत पलीकडच्या खुंटीपाशी पोचला आणि ती ताणली.

टेपला दोन बारीक हिसके बसले.

व्हर्लिननं मान वर केली. पलीकडे खुंटी होती, दोरी होती. बाकी कुणी नाही. त्यानं आकडा वाचला. चाळीस फूट एक इंच. आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की हा इंच कुठून येतो.

“एकवर धरलंयस ना?” त्यानं विचारलं. आवाज घोगरा निघाला. मार्चनंतर त्या अंगणात तो पहिल्यांदाच तिच्याशी मोठ्यानं बोलला होता.

टेप ताणलेली राहिली.

“लिहिलं!” तो ओरडला, आणि टेप सैल पडली.

तो तिथेच गवतात बसला आणि लहान मुलासारखा रडला. भीती वाटली नाही असं नाही, पण आनंद भीतीपेक्षा मोठा होता.

मग कामाला काय वेग आला! प्रत्येक मापातून एक इंच वजा करायचा, की झालं. ट्रॅक्टरला गिरमिट लावून त्यानं सोळा खड्डे पाडले, चार-चार फूट खोल, कारण तिकडे थंडीत जमीन तीन फुटांपर्यंत गोठते. कप्पी लावून एकेक खांब उभा केला. ओळंबा धरताना तो तिच्याशी बोलायचा, खिडकी किती उंचीवर हवी ते विचारायचा. शुक्रवारपर्यंत पंधरा खांब उभे राहिले. ईशान्येचा कोपरा तेवढा बाकी होता.

शनिवारी सकाळी कीथ आला. आपल्या टेपनं त्यानं सगळं मोजलं, रिकाम्या खड्ड्यावरच्या दोरीपर्यंत तिरकंही मोजलं, दोन्हीकडून.

“पन्नास,” तो म्हणाला. “केसभरही फरक नाही. खरं सांगा बाबा, कुणी मदत केली?”

“तुझ्या आईनं.”

कीथचे डोळे भरून आले. त्यानं बापाला मिठी मारली. “एक खांब राहिलाय, पण जिंकलात. राहा इथेच. मी परत विचारणार नाही.”

“मी कुठेच जात नाही बघ आता,” व्हर्लिन म्हणाला.

कीथची गाडी रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत व्हर्लिन हात हलवत राहिला. मग शेवटच्या खड्ड्याकडे आला. सकाळी थोडी माती आत ढासळली असेल, म्हणून खोली पुन्हा बघायची होती. त्यानं गुडघे टेकले आणि टेपची कडी आत सोडली.

चार फुटांवर ती टेकायला हवी होती.

टेकली नाही. हातातलं चाक फिरत राहिलं. पाच फूट. साडेपाच.

टेप थांबली. दोन बारीक हिसके बसले.

त्यानं खड्ड्यात डोकावून पाहिलं. चार फुटांवर ओली पिवळी माती स्वच्छ दिसत होती. टेप त्या मातीत शिरून खाली गेली होती.

त्यानं आकडा वाचला. सहा फूट दोन इंच.

सवयीनं त्यानं एक वजा केला. सहा फूट एक, दाराच्या चौकटीवरच्या सगळ्यांत वरच्या रेघेएवढं.

त्यानं टेप ओढून पाहिली. आली नाही. ओठ घट्ट मिटून तो खड्ड्याच्या काठावर ओणवा राहिला. ऊन पाठीवर आलं, मग खांबांच्या सावल्या लांबल्या. टेप ताणलेलीच होती. तो ‘लिहिलं’ म्हणेपर्यंत ती कधीच सोडत नसे.