हलका पॉवर सप्लाय

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. पण हे खरंच घडलंय, आणि ज्याच्यासोबत घडलं तो धनेंद्र आजही सडक अर्जुनी गावात आपल्या दुकानात बसतो. साल २०११. दिवाळी नुकतीच सरली होती.

धनेंद्र कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. गावातला पहिला कॉम्प्युटर त्याचाच. पोरं गेम खेळायला त्याच्याकडेच पडलेली असायची.

मग त्याचा चुलतभाऊ गुड्डू रायपूरहून गेम भन्नाट पळवणारी ग्राफिक्स कार्डं घेऊन आला. एक नाही, दोन! दोन्ही एकाच सीपीयूत बसवणार म्हणे. पोरं तिकडे वळली. धनेंद्रच्या असं पोटात दुखायला लागलं की जेवण जाईना.

आणि गुड्डू नेमका त्याच्याकडेच आला.

"दादा, दोन कार्डं ओढल असा एसएमपीएस कोणता लावू? तुले समजते, तूच सांग."

एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय. सीपीयूतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी. दोन कार्डांना साडेसातशे वॉटची तरी हवी, हे धनेंद्रला ठाऊक होतं. चांगली पेटी हातात घेतली की जड लागते. तशी एक फळीवर होतीही.

त्यानं शेजारची हलकी उचलली. वर स्टिकर मोठ्या आकड्याचं, आत निम्माही दम नाही.

"हा ने. बिनधास्त लाव."

आठवड्याभरात जळणार... कार्डांसकट. त्या दिवशी धनेंद्र पोटभर जेवला.

पेटी जळली नाही.

धनेंद्रलाच काहीतरी व्हायला लागलं. संध्याकाळी पोरं गुड्डूकडे जमली की याचे हात गार पडायचे. बसल्या जागी धाप लागायची. डॉक्टरनं रक्त तपासलं. काही निघालं नाही.

"त्या गुड्डूचा विचार सोडा," बायको रविता म्हणाली. "जळून जळून अर्धे झाले तुमी."

एका संध्याकाळी तो तडक गुड्डूच्या घरी गेला. दारात गुड्डूची आई, पुष्पाबाई, तांदूळ निवडत होती.

"जाय बापा, पोट्टे आतमंदी आहेत."

आत गेम रंगात आला होता. धनेंद्र सीपीयूमागे वाकला. दोन कार्डं चालतायत म्हणजे पेटीतून भट्टीसारखी हवा यायला हवी. त्यानं पेटीमागे हात धरला...

हवा कोमट होती. माणसाच्या अंगाइतकी.

पंखा फिरायचा... थांबायचा... फिरायचा...

धनेंद्रनं श्वास रोखला.

पंखा थांबला.

पडद्यावरचा गेम अडकला. पोरं ओरडली. धनेंद्रला श्वास सोडावाच लागला...

पंखा फिरला. गेम सुरू.

"बंद कर!" धनेंद्र किंचाळला. "मी दुसरा देतो तुले. जड, असली. फुकट ने!"

गुड्डूनं मान वळवली.

"काऊन बदलू? मस्त चालून राहिला न. तुले पाहावत नाही दादा, तसं सांग न."

पोरं खो खो हसली. ते खरंच होतं. पेटी मुद्दाम हलकी दिली हे सांगितल्याशिवाय ती आता आपल्याच श्वासावर चालतेय हे कुणाला पटणार नव्हतं. आणि तेवढं सांगायला त्याची जीभ रेटेना.

चार दिवस त्यानं असेच काढले. शेवटी मनाचा हिय्या करून कबूल करायला गेला.

टेबल रिकामं होतं.

"इकलो न दादा," गुड्डू म्हणाला. "कोहमाऱ्याले धाब्यावर एक जण भेटला. ट्रकात टाकून घेऊन गेला."

"कोठचा होता?"

"काय मालूम. म्हणे, कधीतरी गेमचं दुकान टाकीन. दिवसरात्र चालवीन."

या गोष्टीला वर्षं लोटली. कधी भरदुपारी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता धनेंद्र मधेच थांबतो. छातीवर हात ठेवून बाकावर बसतो. कुठेतरी, कुणीतरी बटण दाबलेलं असतं. तासाभरानं बरं वाटतं, मग पुन्हा कामाला लागतो.

गेल्या सोमवारी तो असाच बाकावर बसला...

अजून उठलेला नाही.