माझीच माफी राहिली

पहिल्यांदा भेटला तवाच मला त्याचा राग आलता. चौसाळ्याच्या स्टँडवर भुरभुर चालू होती, आन् हा बाबा न विचारता माझ्या छत्रीत शिरला!

“ओ, छत्री काय सरकारी हाय?”

“मी सरकारी आहे,” तो हसला. “ढोरांचा डॉक्टर, एलिजा पेझारकर. बद्रीनाथरावांची म्हैस अडलीय… घर दाखवता?”

बद्रीनाथराव म्हणजे माझेच अण्णा. दाखवावं लागलं. पुढं आमची मागची खोलीच त्यानं भाड्यानं घेतली. येता-जाता माझ्याकडं असा बघायचा की… जाऊ द्या. पण तोंड उघडंल तर शपथ!

गौरी उठल्या आन् त्याचा उपास आला. आदल्या दिवशी अण्णांना म्हणाला, “आम्ही ज्यू. उद्या पश्चात्तापाचा दिवस — पाणीसुद्धा नाही, दार लावून प्रार्थना. म्हणून जुनी माणसं याला दरफाळणीचा, म्हणजे दार लावायचा सण म्हणायची. त्याआधी ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागायची.”

आन् मागितली की! अण्णांची, पहाटे फटफटी वाजवली म्हणून. आईची, भाजीला नावं ठेवली म्हणून. म्हशीपुढंसुद्धा हात जोडले, सुई टोचली म्हणून! मग माझ्यासमोर आला… थांबला… आन् खोलीत निघून गेला.

मी काय म्हशीपेक्षा खालची?

दुसऱ्या दिवशी सकाळीच वडवणीचे पाहुणे मला बघून गेले. त्यांना मी पसंत. संध्याकाळी अण्णा होकार कळवणार. माझा जीव खालीवर. मी खोलीचं दार बडवलं.

“डॉक्टर, काय बोलायचं असंल तर आजच बोला!”

आतून नुसती प्रार्थना. कडी हलली न्हाई. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागात मीबी दिवसभर पाण्याला शिवले न्हाई.

चांदण्या दिसल्या तवा दार उघडलं. पांढरे कपडे, सुकलेले ओठ… तरी मी सोडते व्हय!

“सगळ्यांची माफी मागितली, माझीच कावून न्हाई?”

“माफी मागायची तर ती चूक पुन्हा करणार नाही, असं ठरवावं लागतं,” तो हळूच म्हणाला. “तुझ्याकडे बघणं मला सुटणार नाही, मनिषा. देवाशी खोटं कसं बोलू?”

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. अर्धा तो प्याला. उरलेला मी घटाघटा संपवला.

“तूही उपाशी?”

“रागानं!”

तेवढ्यात ओसरीवर अण्णांनी वडवणीला फोन लावायला घेतला. मी त्याच्या मनगटाला धरून त्याला तिकडं ओढतच नेलं.

“अण्णा, ठिवा तो फोन! डॉक्टरला तुमच्याकडं कायतरी मागायचंय… आन् माफी न्हाई!”