मगरिबला धावत येणारे पाय

तुम्ही हसाल. हसा! पण हे खरं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. आणि जिच्यासोबत घडलं ती शुरूक, माझी मावसबहीण, शाळेत माझ्याच बाकावर बसते.

गोष्ट गेल्या रमजानमधली. नाईलच्या काठावरचं आमचं दुमियात. इथे खाली सुतारशाळा, वर घर. शुरूकचे बाबा, म्हणजे सबरीकाका, खाली फर्निचर करतात.

शुरूकच्या थोरल्या बहिणीचं, इन्तिसारचं लग्न ईदनंतर होतं. तिच्या पलंग-कपाटाला स्प्रेने पॉलिश मारायचं, म्हणून बाबांनी भंगारवाल्या हाजी उवैसकडून जुना एअर कॉम्प्रेसर उचलून आणला.

"बाबा, हा तर तुमच्यापेक्षा म्हातारा दिसतोय!" शुरूक म्हणाली.

"पण तुझ्यापेक्षा कमी बडबडतो. घे तारेचा ब्रश."

दोघांनी मिळून गंज खरवडला. पंप उघडून साफ केला. ऑइल नवं, पट्टा नवा. सांध्यांना साबणाचं पाणी लावून हवा भरली... एकही बुडबुडा नाही! शुरूक तर नाचलीच.

त्याच संध्याकाळी मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडायची अजान झाली. सगळे वर, जेवायला बसलेले. त्या घटकेला आमच्या गल्लीत मांजरसुद्धा नसतं.

आणि गल्लीतून कोणीतरी धावत आलं.

फट् फट् फट् फट्... चपला.

खालच्या सुतारशाळेत शिरल्या.

मग... काहीच नाही.

शुरूकने खिडकीतून वाकून पाहिलं. खालच्या शटरला कुलूप होतं.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. मग रोजच. पाय येताना ऐकू यायचे.

परत जाताना... कधीच नाही.

एकदा ती पाण्याचा घोट घेऊन तडक खाली गेली. कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. कॉम्प्रेसरजवळ फरशीवर फक्त खजुराची एक बी पडली होती.

ओली.

दुसऱ्या दिवशी शुरूक थेट हाजी उवैसच्या दुकानात.

"हाजी, ते मशीन कोणाचं होतं?"

"पोरी, रोज्यात माझं डोकं खाऊ नकोस."

"मग तुम्हीही रोज्यात खोटं बोलू नका!"

म्हाताऱ्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग हळूच बोलला. पलीकडच्या गावातला एक पॉलिशवाला होता. दिवसभराचा उपाशी. अजान झाली तसा घाईघाईने घरी गेला आणि मशीन चालूच राहिलं. आपोआप बंद करणारा स्विच अडकला होता. खजूर तोंडात टाकला आणि त्याला आठवलं. तसाच बंद करायला धावत आला...

"तो दारात पोचला आणि टाकी फुटली," उवैस म्हणाला. "मोटर आणि पंप शाबूत निघाले. मी दुसऱ्या टाकीवर बसवले. लोखंडाचा काय दोष?"

शुरूकने घरी सगळं सांगितलं. "बाबा, परत देऊन टाका."

"आणि इन्तिसारचं कपाट काय तुझ्या नेलपॉलिशने रंगवू?"

त्या संध्याकाळी अजान झाली. बाबांनी खजूर तोंडात टाकला.

आणि खाली... मोटर सुरू झाली.

धडधड वाढतच गेली. थांबेचना.

बाबा ताडकन उठले. "बंद करून येतो!"

"बाबा, तुम्ही प्लग काढला होता! मी पाहिलंय!"

त्यांना ऐकूच जात नव्हतं. शुरूकने झेप घेऊन त्यांच्या पायांना मिठी मारली. ते तिला ओढत दारापर्यंत गेले.

"सोड!"

"नाही सोडणार!"

गल्लीतून चपला धावत आल्या. शटरपाशी थांबल्या. आज आत शिरल्या नाहीत.

जिना चढू लागल्या...

फट्... फट्...

दारापाशी आल्या. आणि मोटर एकदम बंद.

बाबा मटकन खाली बसले.

मावशीने दार उघडलं. जिन्यावर कोणी नव्हतं. खाली प्लग काढलेलाच होता. टाकी थंडगार. हवेच्या दाबाचा काटा शून्यावर.

बाबांनी सकाळीच मशीन परत नेऊन टाकलं. सामान शेजाऱ्यांच्या सुतारशाळेत रंगलं, इन्तिसारचं लग्न दणक्यात झालं. ते पाय पुन्हा ऐकू आले नाहीत. शुरूकला वाटलं, सुटलो एकदाचे!

पण...

रमजान संपून कितीतरी महिने झाले. अजूनही मगरिबची अजान झाली की बाबा हातातलं टाकून उठतात. पायात चपला सरकवतात.

"कुठे निघालात?"

"बंद करून येतो."

"काय बंद करून येता, बाबा?"

त्यांना माहीत नसतं.

म्हणून शुरूक त्या वेळेला कुठेच थांबत नाही. शिकवणी नाही, मैत्रिणी नाहीत. घरी येते आणि बाबांची बाही घट्ट धरून बसते.

काल मी तिथेच होते. "तू ती दुसरी धर," ती हसत म्हणाली. मीही हसतच धरली.

सबरीकाका काडीसारखे बारीक आहेत हो.

ते आम्हा दोघींना ओढत दारापर्यंत गेले.