लसणाचा ईस्टर अंक

ज्यांच्या हातून देश निसटतो, ते लोक तो पुस्तकांत जपतात. राजे जातात, सीमा सरकतात, पण छापलेला शब्द टिकतो.

विनिपेगमधल्या युक्रेनी चर्चच्या सभागृहात हे वाक्य लाल-काळ्या धाग्यांनी विणून भिंतीवर टांगलेलं होतं. त्याच्या बरोबर खाली, तळघरात, टिकलेले शब्द केळ्यांच्या चौदा खोक्यांत भरून ठेवले होते आणि त्यांच्यावर बटाट्याची पोती रचली होती.

"वरचं वजन असलं की कागद वाकडा होत नाही," स्वयंपाकघराची प्रमुख ओल्हामावशी सांगायची. दर गुरुवारी ती आणि आणखी अकरा बायका तिथे बसून पिरोही, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, वळायच्या. बटाटे त्यासाठीच होते. पुस्तकं मात्र कशासाठीच नव्हती. गल्लीतलं एखादं म्हातारं माणूस गेलं, की भाषा न वाचता येणारी त्याची मुलं पुस्तकं चर्चमध्ये आणून देत. टाकणं पाप, ठेवणं अडचण. मग देव आहेच.

ती खोकी उपसायला यायची एकटी ओरिस्या. वय एकतीस. दिवसभर दातांच्या दवाखान्यात जिवंत माणसांचे दात साफ करायची आणि संध्याकाळी, गेलेल्या माणसांची पुस्तकं. तिला दोनच गोष्टींचं वेड होतं. एक, महायुद्धानंतर निर्वासितांच्या छावण्यांत निकृष्ट कागदावर छापलेली मुलांची चित्रांची पुस्तकं. आणि दुसरं, 'लसूण'.

'लसूण' हे मासिक टोरोंटोहून यायचं. सात वर्षं चाललं आणि त्यात समाजातल्या प्रत्येक प्रतिष्ठित माणसाची टर उडवली गेली. ज्याचं चित्र यायचं तो महिनाभर संतापलेला असायचा. ज्याचं यायचं नाही तो वर्षभर. ओरिस्याकडे चौऱ्याऐंशीपैकी त्र्याऐंशी अंक होते. नव्हता तो त्रेपन्न सालचा ईस्टरचा अंक. नऊ वर्षं ती तो शोधत होती. त्यात असं काय होतं, हेही कुणी धड सांगत नव्हतं, आणि तीच गोष्ट तिला झोपू देत नव्हती.

एप्रिलातल्या त्या गुरुवारी बाहेर बर्फ वितळून रस्त्याची पातळ खीर झाली होती. ओरिस्याने नव्या खोक्यातून एक पुस्तक काढलं. प्राण्यांची बाराखडी. उघडलं आणि ती फिसकन हसली. प्रत्येक प्राण्याला जांभळ्या खडूने मिशा काढलेल्या होत्या. कोंबडीला. माशाला. गोगलगायीलासुद्धा.

"हसू नका," मागून आवाज आला. "गोगलगायीची मिशी सगळ्यात अवघड. खडू घसरतो."

तिने वळून पाहिलं. नारिंगी जाकीट, ओले बूट, आणि चेहऱ्यावर... मिशी नव्हती.

"तुमचं काम आहे हे?"

"वय वर्षं पाच. नंतर मी कला सोडली. आता महापालिकेचा बर्फ ढकलतो." तो दोन पायऱ्या उतरला. "मार्कियान. आणि ते पुस्तक माझं आहे."

"होतं. खोकं मी घेतलंय."

"आत्याने मला न विचारता देऊन टाकलं हो!"

"मग आत्याला जाब विचारा. पुस्तकाचा काय दोष?"

पलीकडे पिरोही वळणारे चोवीस हात थांबले होते.

"घेऊ दे की गं त्याला," ओल्हामावशी म्हणाली. मग डोळे बारीक करून तिने त्याच्याकडे पाहिलं. "थांब. तू झेनोनचा नातू ना? पलीकडच्या चर्चचा?"

तळघर एकदम गार पडलं. रस्त्याच्या पलीकडेही एक युक्रेनी चर्च होतं. तोच देव, तीच भाषा, तेच बटाटे. दोघांमध्ये चाळीस पावलांचा रस्ता होता आणि साठ वर्षांचा अबोला.

"हो," मार्कियान म्हणाला. "पण मी बूट पुसून आलोय."

ओरिस्याला हसू आवरेना. "पुस्तक देणार नाही," ती म्हणाली, "पण बघायला येऊ शकता. संग्रह बघायला. म्हणजे... पुस्तकांचा."

"आणखी कशाचा असणार?" तो निरागसपणे म्हणाला, आणि तिचे कान तापले.

तो शनिवारी आला. मग मंगळवारी. मग रोजच यायला लागला, आणि दर वेळी त्याला काहीतरी बघायचं राहून गेलेलं असायचं. ती त्याला 'लसूण'चे अंक दाखवायची, तो चित्रांतल्या माणसांची नाती सांगायचा. "हा वखारवाला! आमचा शेजारी होता. पोट खरंच एवढं होतं."

"तीनदा आलाय तो."

"मेला तेव्हा ते तिन्ही अंक त्याच्या उशाखाली सापडले."

'तुम्ही' कधी गेलं आणि 'तू' कधी आलं ते कळलंच नाही. एका संध्याकाळी तिने विचारलं, "ईस्टरच्या अंकाबद्दल तुला काही माहीत आहे?"

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलंच नाही? अगं, अबोला त्याच्यावरूनच आहे. माझे आजोबा, दिदो, तुमच्या चर्चमध्ये गानवृंदाचे गुरू होते. टोरोंटोहून आलेल्या कुणीतरी सांगितलं, गुरूला कोंबडा केलंय, हातात काठी, समोर कोंबड्या गातायत. दिदोंनी पोस्टातून गठ्ठा आला तसा विकत घेतला आणि सभागृहाच्या शेगडीत घातला. दोरीसुद्धा सोडली नाही. दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. अर्धा वृंद मागोमाग. पण स्वतः त्यानंतर गायले नाहीत. एकदाही नाही."

"म्हणजे चित्र त्यांनी पाहिलं नाही?"

"आपला अपमान चष्मा लावून कोण बघतं, ओरिस्या?"

तिने हातातला अंक मिटला. मग अगदी हळू म्हणाली, "आणि मी... अलीकडची."

"मी सांगितलं त्यांना तुझ्याबद्दल," मार्कियान बोटांनी पेला फिरवत म्हणाला. "म्हणाले, लसणाचा वास या घरात नको." त्याने वर पाहिलं. "आईबाप गेल्यावर मला त्यांनी वाढवलं, ओरिस्या. आशीर्वादाचा पाव आणि मीठ त्यांनी हातात दिल्याशिवाय मी लग्न... म्हणजे, कुणी विचारलंच तर..."

"कुणी विचारलंय का?"

"अजून धीर होत नाहीये," तो म्हणाला. "बर्फ ढकलायचा असता तर..."

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी तिने त्याला फोन केला. "ये. तुझं पुस्तक जाड आहे."

"म्हणजे?"

"पुठ्ठा जाड आहे. बाराखडीचा. पुढचा पुठ्ठा मागच्यापेक्षा जाड आहे. नऊ वर्षं पुस्तकं हाताळतेय मी, मला कळतं."

तो आला तेव्हा टेबलावर दिवा, पांढरा रुमाल आणि दवाखान्यातली बारीक आकडी मांडलेली होती. "पुस्तकाची दाढ काढणार?" त्याने विचारलं. "फक्त किटण," ती म्हणाली. त्यांची डोकी एकमेकांजवळ आली. त्याच्या जाकिटाला डांबराचा वास होता, तिच्या हातांना लवंगेचा. आकडीने पिठाची खळ सुटत गेली... एक पदर, दुसरा पदर... आणि आतून घडी घातलेला कागद सरकून बाहेर आला. त्यावर चष्मा लावलेला लसणाचा गड्डा होता.

ओरिस्याने आकडी खाली ठेवली. नऊ वर्षं.

"उघड," तो कुजबुजला.

"तू उघड. तुमचं आहे."

दोघांनी मिळून उघडलं. मधल्या पानावर कोंबडा होता, काठी होती, गाणाऱ्या कोंबड्या होत्या. कोंबड्याच्या तुऱ्यावर नाव होतं. आणि नावाखाली गाव: टोरोंटो. तिथल्या गानवृंदाचा गुरू. दिदोंशी काहीही संबंध नसलेला, बहुधा त्याच आठवड्यात टोरोंटोतले सगळे अंक जाळून मोकळा झालेला, एक परका इसम.

"हे दिदो नाहीतच," मार्कियान म्हणाला.

"खाली बघ." समासात पेन्सिलने दोन ओळी होत्या. बारीक, तिरक्या अक्षरात.

*झेनोन यात नाही. सांगेन कधीतरी. आता गुरुवारी तालीम नसते, तो घरी असतो.*

"आजीचं अक्षर," तो म्हणाला. गठ्ठा शेगडीपर्यंत तिनेच उचलून नेला असणार, आणि वाटेत त्यातला एक अंक ओढून घेतला असणार. त्याने कागदाची पुन्हा घडी केली. मग तो म्हणाला, "दाखवायला नको त्यांना. नव्वदीला आलेल्या माणसाला कसं सांगायचं, की साठ वर्षं फुकट गेली?"

"फुकट कुठे?" ओरिस्या म्हणाली. "आजीच्या गुरुवारांत गेली."

त्याने तिच्याकडे पाहिलं. असं, जसं पुस्तक उघडायच्या आधी बघतात. "ऐक ना. मला ते पुस्तक परत नकोय. कधीच नको होतं. ते जिथे असेल तिथे... मला रोज यायला मिळालं तर..."

"हे विचारणं झालं का?"

"झालं. वाईट झालं, पण झालं."

"मग मला दिदोंकडे ने," ती म्हणाली. "हो म्हणायचं आहे. पण दार बंद असताना नाही."

दार उघडायची एकच युक्ती होती. ईस्टरच्या सकाळी चर्चमधून मंत्रवून आणलेली टोपली घेऊन कुणी दारात उभं राहिलं, तर त्याला परत पाठवत नाहीत. वैऱ्यालाही नाही. ओरिस्याने टोपलीत गोड पाव, सॉसेज आणि रंगवलेली अंडी ठेवली. भरतकामाच्या रुमालाखाली अंक ठेवला आणि चाळीस पावलांचा रस्ता चिखलातून ओलांडला.

दिदो झेनोन दारात काठी टेकून उभे होते. "ख्रिस्त उठला," ती म्हणाली.

याला उत्तर द्यावंच लागतं. "खरोखर उठला," ते नाइलाजाने म्हणाले. मग नातवाला: "टोपली आत घे."

"आणि ती?"

"मी टोपलीचं बोललो."

"दिदो, ती टोपली सोडत नाही. मी ओढून बघितलं."

म्हाताऱ्याने ओठ आवळले आणि तो बाजूला झाला. टेबलाशी बसल्यावर ओरिस्याने रुमाल उचलला. गड्डा दिसताच दिदोंनी अंक उचलला. त्यांनी तो कागद खिडकीबाहेर फेकला असता, तर तिने अडवलं नसतं. पण समासातलं अक्षर त्यांना चष्म्याविनाच ओळखू आलं.

मग त्यांनी चष्मा लावला. वर भिंग धरलं. आधी कोंबडा पाहिला, गाव वाचलं. मग त्या दोन ओळी. पुन्हा त्या दोन ओळी.

"गुरुवारी ती सूर्यफुलाच्या बिया भाजायची," ते शेवटी म्हणाले. "मला वाटायचं, माझं मन रमावं म्हणून." त्यांनी एक अंडं घेतलं, सोललं नाही, नुसतं हातात धरलं. "खूश असायची गुरुवारी. मला राग यायचा. मी एवढा दुःखात, आणि ही गुणगुणतेय."

मार्कियानने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ओरिस्या खिडकीबाहेर बघत राहिली, कारण दुसरीकडे बघणं बरं दिसलं नसतं.

"पोरी." आवाज बदलला होता. "बाकीचे अंक पाहिलेस तू?"

"त्र्याऐंशी. पानन् पान."

"मग मी कशात आहे?"

"कशातच नाही, दिदो."

"कशातच नाही?"

"नाही."

"त्या वखारवाल्याला काढलं होतं!"

"तीनदा," मार्कियान म्हणाला.

"तीनदा!" दिदोंनी काठी आपटली. "बत्तीस जणांचा वृंद सांभाळत होतो मी! आणि त्या लाकडं विकणाऱ्या..." ते धापा टाकत थांबले. मग ओरिस्याकडे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. "हा पोरगा जनावरांना मिशा काढतो. माहीत आहे ना तुला?"

"गोगलगायीची छान जमलीय," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने पाव मोडला, मिठात बुडवला आणि एक तुकडा तिला दिला, एक त्याला. अंक मात्र घडी करून स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. ओरिस्याने नऊ वर्षांचा शोध त्या खिशात जाताना पाहिला आणि पावाचा घास गिळला. तो तिला गोड लागला, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

सप्टेंबरात लग्न झालं. कुठल्या चर्चमध्ये करायचं यावर दोन्हीकडच्या समित्यांनी सात बैठका घेतल्या. शेवटी पलीकडच्यात झालं. तिथे गाड्या लावायला जास्त जागा आहे.