महागाई वजा जाता

"तुमच्या पाठीवर ससा आहे."

लिफ्टमध्ये मागून आवाज आला. वळून पाहिलं, तर आमच्या बँकेच्या संशोधन विभागात नुकताच रुजू झालेला तो. सगळे त्याला दशांशराव म्हणायचे. टिंबानंतर दोन आकडे लिहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

ससा म्हणजे लेकीचं स्टिकर. घटस्फोटानंतर चार वर्षांच्या पोरीला आवरून ऑफिस गाठणाऱ्या बाईला पाठ कुठे दिसते...

"काढू का?"

"राहू दे. तेवढीच सोबत," मी बोलून गेले, आणि माझी मीच दचकले.

काम आम्हा दोघांचं मिळून. शहरातल्या एका बँकेचे चेक दुसऱ्या बँकेत वटायला जातात, त्यांची महिन्याची बेरीज करायची. त्यातून महागाई वजा करायची. उरेल त्यावरून सांगायचं — शहराचा धंदा खरंच वाढला, की नुसत्या किमती फुगल्या.

"आज माझ्याकडे बघून तीनदा हसलात," तो म्हणायचा.

"महागाई वजा करा."

"केली. तरी दीड उरतं."

"अर्धं कुणाचं?"

"ते साहेबांकडे बघताना सुरू झालं होतं. माझ्यापर्यंत येऊन संपलं."

माझा फोन कायम समोर, सुलटा. पाळणाघरातून कधी फोन येईल, नेम नाही. त्याने कधी काही विचारलं नाही. फक्त स्वतःचा चहाचा कप फोनपासून लांब सरकवायचा. मी ते पाहायची, आणि पाहिलं नाही असं दाखवायची.

लेक तापाने फणफणली तेव्हा तो औषधं घेऊन घरी आला. मग येतच राहिला. "हा कधी येतो, कधी बसतो, कळतसुद्धा नाही," आई म्हणाली, "घरचाच वाटतो."

मलाही वाटायला लागला. माझी बडबड आपोआप थांबली. त्याच्याशेजारी बसून मी नुसती मटार सोलायची. कित्येक वर्षांत इतकं निवांत वाटलं नव्हतं... पण हे त्यालाही सांगायला हवं, एवढं सुचलं नाही.

त्याच सुमारास जुने आकडे तपासताना एका वर्षी आमच्या आलेखाची रेघ धाडकन खाली आलेली दिसली. मंदी? कुठेच तशी नोंद नव्हती. उत्तर त्यानेच शोधलं. त्या वर्षी दोन मोठ्या बँका एक झाल्या होत्या.

"आता त्यांचे चेक घरातल्या घरात वटणार," तो म्हणाला. "आपल्या मोजणीत येतील कशाला? धंदा आहे तेवढाच आहे."

आणि असं म्हणणाऱ्या माणसाने त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली.

हुकूम आला तेव्हा मला कळलं. जिन्यातच गाठलं त्याला.

"का?"

"तुम्ही बोलेनाशा झालात." तो कठड्याकडे बघत होता. "आधी दिवसभर टोमणे. मग कमी कमी होत नुसतं 'हं'. वाटलं, मी नकोसा झालोय. लेकीला लळा लागलाय म्हणून भिडेपोटी सांगत नाही..."

"तू मोजत होतास?"

पहिल्यांदाच 'तू' आलं तोंडातून. त्याने मान वर केली.

"आणि दोन बँका एक झाल्या की आकडा पडतो, हे कोण सांगत होतं मला?"

बदली रद्द करा म्हणायला तो तसाच साहेबांकडे गेला, आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. इथली त्याची जागा भरली होती.

"मग तू चल," तो म्हणाला. "दोघीही चला."

"कोर्टाने काय सांगितलंय, माहीत आहे ना? पोर तिच्या बाबांच्या शहरातच राहणार."

त्याला माहीत होतं. तरी विचारलं त्याने... ते बरं वाटलं, आणि तेच जास्त लागलं.

जायच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला. टॅक्सी फाटकाशी उभी. लेकीने एक पाय पुढे केला, "काका, पट्टा." तो गुडघ्यावर बसून तिच्या सँडलचा पट्टा लावू लागला.

"तू मला हवा आहेस," मी म्हटलं. लेकीसमोर, आईसमोर, उघड्या दारात.

"हे आधी..."

"हो."

टॅक्सीचा हॉर्न वाजला. पट्टा लावून झाला होता. त्याने तो सोडवला, आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतला.