रोजचे तीस ग्रॅम

दवाखान्यात तिला सगळे खिसेवाली म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पांढऱ्या कोटाला तिने शिंप्याकडून मुद्दाम नऊ खिसे लावून घेतले होते. किल्ल्या, मोबाइल, मोजपट्टी, पेन, रुमाल, सगळं अंगावरच. पर्स नावाच्या वस्तूशी तिचं जन्माचं वैर. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर बायकांचे खांदे शेकायचे, ओढायचे, सरळ करायचे. आणि त्याच बायका जाताना त्याच खांद्यावर चार-चार किलोचं ओझं अडकवून जिना उतरायच्या. फुटक्या घागरीत पाणी भरण्यातलाच प्रकार.

त्या वर्षी तिने मनावर घेतलं. फिजिओथेरपिस्टांच्या परिषदेत निबंधच वाचायचा, की माणसं पर्स का बाळगतात, तिच्यात वजन किती असतं आणि त्यापायी खांद्याचं काय होतं. दाराशी तिने एक सपाट इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवला. पाच ग्रॅमचा फरकसुद्धा दाखवणारा. येईल तिची पर्स आधी काट्यावर, मग बाई खाटेवर.

दोन आठवडे नुसती धमाल उडाली. एकीच्या पर्समधून नळाचा पाना निघाला, दुसरीच्या पर्समधून दाराची मूठ. पाना कशाला, तर म्हणे, "असू दे, लागतो कधी कधी." बँकेतल्या एक बाई म्हणाल्या, "पर्स नसली ना डॉक्टर, की काहीतरी घालायचं विसरून आल्यासारखं वाटतं." एका शिक्षिकेने जरा थांबून सांगितलं, "घरात माझी म्हणून एवढीच एक जागा आहे. तिथे विचारल्याशिवाय कोणी हात घालत नाही." आणि बायकोची लाल पर्स पोटाशी धरून बसलेले एक गृहस्थ कोणी न विचारताच दर पाच मिनिटांनी जाहीर करत होते, "मी फक्त धरलीये हं!"

खिसेवाली सगळं टिपून घेत होती. एवढी मजा तिला कामात कित्येक वर्षांत आली नव्हती.

अशात एका मंगळवारी सकाळी घड्याळवाली आली.

बाजारात जिन्याखाली तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशीची, बारीक चणीची बाई. बोलणं मोजकं. डोळ्याला भिंग लावून लावून उजव्या भुवईखाली कायमची खाच पडलेली. डावा खांदा दुखत होता. दवाखान्याच्या एका भिंतीवर चौकटींची जाळी रंगवलेली होती, प्रत्येक चौकट दोन सेंटिमीटरची. माणसाला तिच्यासमोर उभं केलं की कुठला खांदा किती उतरलाय ते लगेच कळतं. घड्याळवालीचा डावा खांदा दीड चौकट खाली होता.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. ही हातात आल्यापासून."

ही म्हणजे एक तपकिरी चामड्याची पर्स. लहानशी, गोलसर बुडाची, वर पितळी कडी. खिसेवालीने ती काट्यावर ठेवली आणि अंदाज बोलून दाखवला, "सहाशे-सातशे ग्रॅम."

काट्यावर आकडा आला तीन किलो दोनशे पंच्याण्णव.

"बाई, दगड भरलेत की काय?"

घड्याळवालीने पर्स उघडली. आतून रुमाल, चष्म्याची डबी आणि दुकानाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग पर्स उलटी करून झटकली. काही पडलं नाही. रिकामी पर्स पुन्हा काट्यावर गेली.

तीन किलो एकशे वीस.

खिसेवालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो भीतीचा नव्हता. शाळेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा पाहिला होता, तेव्हा आला होता तसला. तिने काटा बंद करून पुन्हा लावला. स्वतःची मोजपट्टी ठेवली, शेकायच्या मेणाचा किलोचा डबा ठेवला. दोन्ही बरोबर. पर्स ठेवली. तीन किलो एकशे वीस.

"कुठे घेतलीत?"

"घेतली कुठे? मला पर्स आवडतच नाही. माझ्या कामाला हात मोकळे लागतात." घड्याळवाली खाली बघून बोलत होती. "एक बाई आली होती घड्याळाचा पट्टा बदलायला. काउंटरवरून ही पुढे केली आणि म्हणाली, जरा धरता का, आलेच. मी धरली. ती आलीच नाही."

"मग दुकानातच ठेवायची की. रोज कशाला वागवता?"

"ठेवते. कुलूप लावते. चार पावलं जाते." ती थांबली. "पुढे जाववत नाही."

खिसेवालीने विषय वाढवला नाही. चामड्याच्या आत शिशाचा पत्रा असेल, तिने स्वतःला समजावलं. पण गुरुवारी घड्याळवाली शेकायला आली तेव्हा पर्स भरली तीन किलो एकशे ऐंशी. शनिवारी तीन किलो दोनशे चाळीस. शिशाचा पत्रा वाढत नाही. खिसेवालीने आलेखाच्या कागदावर बिंदू मांडले आणि पट्टी लावून रेघ ओढली. रेघ सुतासारखी सरळ. रोजचे तीस ग्रॅम.

"सुरुवातीपासून अशीच जड होत गेली?" तिने विचारलं.

"नाही. पहिले चार-पाच दिवस उलट हलकी झाल्यासारखी वाटली. माझा हात घड्याळाच्या स्प्रिंगवर चालतो डॉक्टर, मला लगेच कळतं. मग चढायला लागली."

"दोन-तीन दिवस माझ्याकडे ठेवाल? तपासून बघते."

घड्याळवालीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पर्स उचलली. टेबल हाताशी होतं तरी तिथे न ठेवता तिने ती दोन्ही हातांनी पुढे केली.

"धरा."

खिसेवालीने धरली. घड्याळवाली तेव्हा जाळीसमोरच उभी होती, म्हणून खिसेवालीला स्पष्ट दिसलं, की तिचा डावा खांदा एक चौकट वर गेला, मग आणखी अर्धी. दोन्ही खांदे एका रेषेत आले. दोन महिन्यांच्या व्यायामाने जे होतं ते दोन श्वासांत झालं. घड्याळवाली चष्म्याची डबी तिथेच विसरून पोरीसोरींसारखी धडाधड जिना उतरली.

खिसेवालीला आता उभं राहवेना की बसवेना. जेवणाचा डबा तसाच राहिला. खालच्या मजल्यावर एक्स-रेचं केंद्र होतं. तिथला तंत्रज्ञ तिचा जुना मित्र, थट्टेखोर माणूस. ती पर्स घेऊन धावतच खाली गेली.

"हिचा फोटो काढ."

"हाड मोडलंय का हिचं?" तो हसला. पर्स घेताना त्याचा एक हात आपोआप तिच्या बुडाखाली गेला. यंत्राच्या पाटावर ठेवायला तो वाकला आणि थबकला. कोपऱ्यातली धुतलेली चादर घेऊन तिची चौपदरी घडी त्याने पाटावर अंथरली आणि मग त्यावर पर्स ठेवली.

"चादर कशाला?"

"पाट थंडगार असतो ना," तो म्हणाला. मग स्वतःच चादरीकडे बघत राहिला. पुढे तो काही विनोद करेल म्हणून खिसेवालीने वाट पाहिली. त्याने केला नाही.

फोटोत कडी दिसली, चार खिळे दिसले, पट्ट्याची बक्कल दिसली. बाकी काही नाही. शिसं नाही, पत्रा नाही, चोरकप्पा नाही.

जिना चढताना तिला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. निबंध गेला खड्ड्यात. हे काहीतरी आजवर कोणी पाहिलेलंच नव्हतं! पर्स तिने डाव्या हाताला अडकवली होती, आणि वर पोचेपर्यंत एक नवल तिच्या लक्षात आलं. तिला ओझं होत नव्हतं. उलट ते वजन असं नेमकं, असं कोपराच्या खाचेत बसणारं होतं, की आजवर आपला हा हात रिकामा कसा लोंबत होता, असं वाटावं. बायका पर्स का सोडत नाहीत, हे दोनशे बायकांना विचारून तिला कळलं नव्हतं. आता कळलं.

रविवारी घरी आई आली. आईने तीस वर्षं प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून काढली होती. आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा आलेख तिच्या हाती लागला. तिने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि तिचा चेहरा खुलला.

"अगं, छान चढतंय की! कोणाचं?"

"काय कोणाचं?"

"वजन गं. रोजचं तीस ग्रॅम. अगदी नमुनेदार." आईने कागदावर बोट ठेवलं. "पहिल्या चार-पाच दिवसांचं लिहिलं नाहीस. तेव्हा जरा उतरलं असेल, मग चढलं असेल. तान्ह्या मुलांचं तसंच असतं."

खिसेवालीच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरातच टेकला. भीती होती का? असेलही. पण तिच्यावर ताण करणारं काहीतरी दुसरंच होतं, जत्रेतल्या पाळण्यात सगळ्यात वर गेल्यावर पोटात उठतं तसलं. तिने खुर्चीवरची पर्स उचलून आईपुढे केली.

आईने हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले.

"नको. तुझ्याच हाताची सवय झालीय," आई म्हणाली. बोलून झाल्यावर तिने ओठावर हात ठेवला. "मी हे काय बोलले गं?"

आईने चहा अर्धा टाकला आणि लवकर निघाली. दारात चपला घालताना तिने लेकीच्या डाव्या हाताकडे एकदा पाहिलं. "मानेखाली..." ती म्हणाली, आणि वाक्य पुरं न करता जिना उतरली.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच खिसेवाली काट्यापाशी हजर होती. पर्स ठेवताना तिला आकडा पाठ होता. तीन किलो तीनशे यायला हवं.

चारशे दहा ग्रॅम.

तिने पर्स उचलली. ठेवली. चारशे दहा. रिकाम्या चामड्याचं, पितळी कडीचं वजन. उघडून पाहिलं. आत नुसता अंधार आणि जुन्या अस्तराचा वास.

तिने घड्याळवालीला फोन लावला. पलीकडे दहा-बारा घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती.

"खांदा ठणठणीत आहे डॉक्टर," घड्याळवालीचा आवाज हसरा होता. "आता येत नाही मी."

"अहो, पण पर्स रिकामी झाली. वजन गेलं!"

टिकटिक चालू राहिली.

"तुम्ही हातात धरली होतीत ना?"

"हो."

"मग जाईल कुठे?" घड्याळवालीने फोन ठेवला.

खिसेवाली वळली. समोर आरसा होता, त्यात मागच्या भिंतीवरची जाळी दिसत होती.

तिचा डावा खांदा एक चौकट खाली होता.

हातात काही नव्हतं.

तिने खांदा वर उचलला. तो पुन्हा खाली आला. हात सरळ करायला गेली. कोपर निम्मं उघडलं आणि तिथेच थांबलं. दुखत नव्हतं. कळ नव्हती. फक्त सरळ करू नये, असं फार आतून वाटत होतं.

हे सगळं आत्ताच्या आत्ता कोणालातरी सांगायलाच हवं होतं. पर्स तिने टेबलावर तशीच टाकली, दाराला कुलूप लावलं आणि बाजाराकडे जाणारी बस पकडली. घड्याळवालीला गाठायचं, ती पट्टा बदलायला आलेली बाई दिसायला कशी होती ते विचारायचं, एकूण एक लिहून काढायचं. डोक्यात वाक्यांवर वाक्यं उड्या मारत होती. सकाळची वेळ, लख्ख ऊन, बस भरलेली. उजव्या हाताने वरची दांडी धरून ती उभी राहिली.

दुसऱ्या थांब्यावर सीटवरची एक म्हातारी तिच्याकडे बघून लगबगीने उठली.

"बसा, बसा तुम्ही इथे."

"नको हो आजी, मी ठीक आहे."

"तुमचं ठीक असेल," म्हातारी जराशी रागावून आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "पण त्याची मान बघा, लोंबतेय."